गावाचं एकमत

आमचं गाव आरोंद्याजवळ, खाडीच्या काठावर. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांची धाकटी विधवा बहीण, माझी आत्या, खाडीतली कालवं, म्हणजे खडकांवरचे शिंपले, काढून बाजारात विकायची. मी मालवणात कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते, पण लोकशाहीवरचा खरा वाद सुट्टीत घरी गेले की पडवीत ऐकायला मिळायचा.

"डोकी मोजून शाणपण येता काय?" बाबा म्हणायचे. "मत शिकलेल्यांकच होया."

"निवडून दिल्लो वायट निघालो तर पुढच्या खेपेक काढूक येता," आत्या म्हणायची. "तुझे शाणे वायट निघाले तर त्यांका कोण काढतलो, दादा?"

बाबा चहा मागायचे.

मग खाडीत वाळू उपसणारे आले. गावातल्या पोरांना काम मिळालं, आत्याची कालवं गाळाखाली गेली. तिने तहसीलदारांकडे तक्रार केली आणि उपसा थांबला. लगेच देवळात सभा भरली, आत्याला वाळीत टाकायचा ठराव आला. हिच्याशी बोलायचं नाही, हिचा माल घ्यायचा नाही, हिला रिक्षात बसवायचं नाही. मी उठून म्हटलं, हा गुन्हा आहे.

"तू हंयची मतदार नाय," सभेचे अध्यक्ष शांतपणे म्हणाले आणि त्यांनी हात वर करायला सांगितलं.

सगळ्यांचे हात वर गेले. बाबांचा तर पटकन गेला.

"विरोधात कोण?"

आत्याने हात वर केला.

"तुझा मत धरूचा नाय गो. विषयच तुझो आसा."

लोक हसले. बाजारात जन्मभर आत्याच्या शेजारी बसलेली बाईही पदराआड हसली.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, "तुम्ही तरी शिकलेले ना?"

"शिकलंय म्हणानच कळता," ते म्हणाले. "माका हंयच मरूचा आसा."

पावसाळ्यात आत्या तापाने फणफणली. रिक्षा मिळेना, म्हणून भिजत स्टँडपर्यंत चालत गेली आणि एसटीने माझ्याकडे आली. ती परत राहायला गेली नाही. फक्त निवडणुकीला गेली. रांगेत बाबा तिच्या पुढे होते. त्यांनी मान वळवली नाही.

तिने मत दिलेला उमेदवार पडला. निवडून आलेल्याने उपसा पुन्हा सुरू करून दिला. बाबांनी मला फोनवर हे सांगितलं, आवाजात चांगलीच खुशी होती. आत्या समोरच मासे साफ करत होती, तिला सगळं ऐकू येत होतं. बाबांनी तिची चौकशी केली नाही. मी फोन तिच्यापुढे धरला, तर तिने खवल्यांनी भरलेला हात नुसता हलवला आणि पुढचा मासा उचलला.