मामांची चाळीस कार्डं

खोटं न बोलता सगळं आयुष्य काढलेला माणूस मी एकच पाहिला, आणि त्या माणसानं एका दुपारी चाळीस खोटी पत्रं एकदम पोस्टाच्या पेटीत टाकली. ते माझे मामा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते तासगावच्या बाजूला आपल्या गावी आले आणि तिथल्या हायस्कुलात कवायतीचे मास्तर झाले. खटावकडच्या आमच्या गावात सातवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून आईनं मला तिच्या भावाकडं शिकायला ठेवलं होतं. शाळेच्या फाटकाच्या आत ते सर आणि बाहेर मामा, हा नियम पहिल्या दिवशीच ठरला. एकदा मैदानावर मी 'मामा' अशी हाक मारली आणि पाच फेऱ्या पळालो. दुसऱ्या दिवशी जेवताना चुकून 'सर, भाकरी' म्हणालो, तर मामांनी मागं वळून बघितलं आणि मामीला विचारलं, "कोण आलंय गं?"

मामांचं खरं बोलणं सोसायला जरा जडच जायचं. लग्नात जेवण कसं झालं असं त्यांना कुणी विचारत नसे, कारण ते सांगत. आपल्याकडं निरोप घेताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि ऐकणाराही काही वाट बघत बसत नाही. मामांना हे मान्य नव्हतं. परत यायचं नसेल तर ते सरळ 'निघालो' म्हणायचे. बोलण्याच्या नादात कुठं 'येतो' तोंडून गेलंच, तर दिवस मावळायच्या आत पुन्हा त्याच दारात हजर. घरातली बाई पिठाच्या हातानं बाहेर यायची. "काय सर, काय इसरलं व्हय?" "न्हाई. येतो म्हणलो हुतो. आलो." आणि तिथूनच 'निघालो' म्हणून परत फिरायचे. गावातल्या लोकांनी त्यांना चहाला थांबवून घ्यायचंही सोडून दिलं होतं.

शाळेच्या सहली, श्रमदान, झाडं लावणं, जे जे वर्गाच्या बाहेर असेल ते सगळं मामांकडं होतं, आणि सहल म्हणजे त्यांच्या लेखी मोहीमच. आधी ते एकटे जाऊन टेहळणी करून यायचे. पाणी कुठं आहे, सावली कुठं आहे, कुत्री कुणाच्या दारची चावतात, सगळं वहीत. मिरजेला तंबोरे कसे करतात ते आम्हाला दाखवायचं ठरलं, तर मामा त्याआधी तीनदा जाऊन आले. भोपळा किती दिवस भिजवतात, कुठं कापतात, तारा झंकाराव्यात म्हणून घोडीवर जवारी कशी लावतात हे त्यांना इतकं पाठ झालं की प्रत्यक्ष सहलीच्या दिवशी त्यांनीच सगळं सांगून टाकलं. ते बिचारे कारागीर हात बांधून आमच्यातच बसून ऐकत होते. निघताना त्यातल्या म्हाताऱ्यानं मान डोलावून 'बराबर है' म्हणून दाखला दिला. त्याच दिवशी मिरज स्टेशनच्या फलाटावर मामांनी आम्हाला रांगेत उभं करून 'गिनती कर' असा हुकूम सोडला आणि मोजणी एकनं जास्त भरली. दुसऱ्यांदा मोजलं तरी तेच. शेवटी कळलं की आमच्या रांगेला तिकिटाची रांग समजून कवठे महांकाळचे एक फेटेवाले आजोबा मध्येच उभे राहिले होते आणि आपली पाळी आल्यावर खणखणीत आवाजात 'एकोणीस' म्हणत होते. मामांनी त्यांना रागावलं नाही. उलट, "आवाज असा पायजे," असं आम्हाला सुनावलं.

मी नववीत असताना समुद्राची सहल ठरली. कोल्हापूर, आंबा घाट, मग रत्नागिरी, जाऊन येऊन तीन दिवस. आमच्यापैकी समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. आईबापांना धाकधूक होती, विशेषतः सहा मुली येणार होत्या त्यांच्या घरी. त्यात शालन म्हणून एक शांत मुलगी होती, पहिल्या बाकावर बसायची. तिच्या वडलांनी "पोचल्याचं पत्र आलं पायजे," या अटीवर तिला परवानगी दिली. मामांनी शब्द दिला आणि मग विचार करत बसले. पत्र पोचायला तीन दिवस लागतात आणि तिसऱ्या दिवशी तर आपणच घरी. मग त्या पत्राचा उपयोग काय? यावर त्यांना जो उपाय सुचला तो फक्त मामांनाच सुचू शकतो. निघायच्या आधी दोन दिवस त्यांनी आम्हा चाळीस जणांना पोस्टकार्डं वाटली आणि मजकूर सांगितला. आम्ही सुखरूप पोचलो. पाणी खारट आहे, चाखून पाहिले. लाट पायावर आली. समुद्र फार मोठा आहे. काळजी नसावी. एका पोरानं भीत भीत विचारलं, "सर, पन आपन आजून गेलोच न्हाई." मामा म्हणाले, "बंदोबस्त पक्का असला की उद्याचं बोलनं खोटं नसतंय. लिही." चाळीस कार्डं त्यांनी स्वतःच्या हातानं पेटीत टाकली.

बंदोबस्त खरोखरच पक्का होता. ट्रक वेळेवर आला, गिनती बरोबर भरली. पण घाटाच्या अलीकडं एका वाडीजवळ आलो तर समोर धूर. वैरणीच्या गंज्या पेटल्या होत्या आणि आग शेजारच्या प्राथमिक शाळेच्या छपराला लागली होती. वाडीतली धडधाकट माणसं लांब शेतात, मागं म्हातारीकोतारी आणि पोरं. मामांनी ट्रक थांबवला. आमच्याकडं बघितलं, घाटाकडं बघितलं, आणि शिट्टी फुंकली. ओढ्यापासून शाळेपर्यंत आमची साखळी झाली. घागरी, कळश्या, डालड्याचे डबे, जे मिळेल ते हातोहात पुढं. पुढच्या टोकाला पदर खोचून शालन होती, आणि जिला वर्गात कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं ती "आटपा रं, बघताय काय!" म्हणून आमच्यावर ओरडत होती. आग विझली. पण शाळेचं छप्पर गेलं होतं, आणि ते तसं टाकून पुढं जाणं मामांना जमेना. तीन दिवस आम्ही राख उपसली, वासे वाहिले, कौलं एकमेकांच्या हातांतून वर चढवली. तिसऱ्या दिवशी छप्पर झालं आणि ट्रक परत द्यायची वेळही झाली. इतकी मजा मला कुठल्याच सहलीत आली नाही, हे आजही सांगतो.

परत आलो तेव्हा गावात पोस्टमननं सगळी कार्डं घरोघरी वाचून दाखवलेली होती. काळ्या तोंडानं आम्ही ट्रकमधून उतरत होतो आणि आया विचारत होत्या, "समुद्र कसा हुता रं?" मामा खाली उतरले आणि जागीच उभे राहिले. आगीच्या गडबडीत त्यांना कार्डांची आठवणच राहिली नव्हती. त्या संध्याकाळपासून ते एकेका दारात गेले. "पत्रातला मजकूर खोटा हाय. चूक माझी हाय." लोक हसायचे. पोरांनी शाळा वाचवली याचं त्यांना कौतुक होतं. "असू द्या की सर, चार ओळींचं काय येवढं?" पण मामांना ते लागलं होतं. त्यांनी कार्डं परत मागून घेतली, 'खरी करून देतो' असं सांगून. एकोणचाळीस मिळाली. शालनच्या आईनं मात्र दिलं नाही. "लेकीचं पयलं पत्र हाय, न्हाई द्यायची," म्हणाली. मिळालेली कार्डं मामांनी पुढच्या सोप्यातल्या तारेला टोचून ठेवली. जेवताना मामा त्या तारेसमोर बसायचे आणि भाकरी मोडता मोडता एकेक कार्ड पुन्हा वाचायचे. आपल्या मोठ्या माणसाला असं खजील झालेलं बघणं मला फार जड गेलं.

पुढच्या वर्षी त्यांनी ती सहल पुन्हा काढली. काही जण शाळा सोडून गेले होते, त्यांनाही उसाच्या फडातून, गिरणीतून ओढून आणलं. रत्नागिरीला वाळूवर आम्ही आपापलं कार्ड हातात घेऊन रांगेत उभे. मामा एकेक वाक्य वाचायचे. "पाणी खारट आहे. चाख. हाय का?" "हाय सर!" "लाट पायावर आली. आली का?" नेमकी ओहोटी सुरू झाली होती आणि एका पोरापर्यंत लाट काही पोचेना. त्याला पुढं जाऊ दिलं नाही. 'लाट आली असं लिवलंयस, तू गेलास असं न्हाई,' म्हणून एक चुकार लाट येईपर्यंत तो तासभर तिथंच उभा. एकोणचाळीस कार्डं खरी झाली. शालनचं त्याआधीच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती आटपाडीकडं गेली होती, आणि सासरच्यांनी पाठवायला नकार दिला होता.

परत आल्यावर आठवड्याभरात मामा मला घेऊन तिच्या सासरी गेले. खांद्याला फौजेतली पाण्याची बाटली. शालननं सासूच्या परवानगीनं ट्रंकेतून आईनं बरोबर दिलेलं कार्ड आणलं. मामा म्हणाले, "वाच."

"आम्ही सुखरूप पोचलो."

"पोचलीस न्हवं?" मामांनी तिच्याकडं बघत विचारलं.

तिनं सासूकडं बघितलं आणि हसली. "पोचले की सर."

मग त्यांनी बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं. तिनं जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "लय खारट हाय ओ!" सासूनंही हात पुढं केला आणि चाखून थुंकली. त्यानंतर शालनच्या पायांवर पाणी ओतलं, तेव्हा आटपाडीच्या दुष्काळी मुलखातल्या त्या बाईचा जीव वरखाली झाला. "आवं, जपून वता की!" शेवटी राहिलं एक वाक्य. समुद्र फार मोठा आहे. मामांनी बाटली हलवून बघितली, बूच लावलं. "ह्ये मातूर बाटलीत मावंना," म्हणाले. आणि सासूला, "पुढच्या सहलीला हिला न्हेतो. तुमी बी चला." "बघू की, सुगी झाल्यावर," ती म्हणाली. मामांनी टोपी घातली, उंबऱ्यात थांबले आणि म्हणाले, "येतो." मी चमकून बघितलं. चुकून गेलेला शब्द नव्हता तो.

त्या पावसाळ्यात मामा गेले. शाळेला निघाले होते, शिट्टी गळ्यात होती.

पुढं मीही मास्तर झालो. मध्यंतरी परीक्षेच्या कामानं आटपाडीला गेलो होतो, तेव्हा शालनकडं डोकावलो. आता तीच घरातली सासू आहे. मुलगा सांगत होता, "आईला कितींदा म्हणलं, रत्नागिरीला चल. दारात गाडी हाय. ऐकतच न्हाई." मी तिला विचारलं, का गं? ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "सर येतो म्हणून गेल्यात. दुसऱ्या कुनासंगं बघून आले, तर त्यांचा शब्द खोटा पडंल. आजून खोटा झाल्याला न्हाई. नुस्ता उशीर झालाय."

एस.टी.ची वेळ झाली तशा मी चपला घातल्या आणि सवयीनं 'येतो' म्हणालो. एस.टी.त बसल्यावर ते ध्यानात आलं. पुढच्या फाट्यावर गाडी थांबली तसा मी पिशवी घेऊन उतरलो आणि शालनच्या घराकडं परत चालू लागलो.