उसाच्या कडेला हुकलेला चंद्र

मला धीर नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. चहा उकळेपर्यंतसुद्धा माझा पाय एका जागी ठरत नाही. अशा माणसानं आकाशाचा नाद लावून घ्यावा! पण हौसेला मोल नाही म्हणतात.

मी लोणखेड्याला कॉलेजात शिकवतो. गेल्या हिवाळ्यात आम्हा हौशी निरीक्षकांच्या गटाकडे एक काम आलं. एक लघुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता आणि त्या लघुग्रहाला स्वतःचा चंद्र होता. असे चंद्र इतके बारीक असतात की दुर्बिणीतून वेगळे दिसत नाहीत. पण चंद्र ताऱ्याच्या आड आला तर तारा क्षणभर विझतो. कुठल्या गावातून, नेमका केव्हा विझला, हे जुळवत गेलं की चंद्राची कक्षा कळते, आणि कक्षेवरून लघुग्रहाचं वजन. या चंद्राच्या दोन कक्षा संभवत होत्या. पहिली खरी असली तर त्याची सावली ब्राह्मणपुरीवरून जाणार, दुसरी असली तर नाही. माझं 'हो' आणि 'नाही', दोन्ही कामाचं. तिथं माझ्याखेरीज गटातलं दुसरं कोणी नव्हतं.

ब्राह्मणपुरीला माझ्या थोरल्या भावाचं शेत आहे. ऊस तोडणीला आलेला, आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की आमच्याकडे उसाजवळ अंधारात कोणी गप्प बसत नाही. बॅटरी फिरवायची, हाळी द्यायची, डबा वाजवायचा. मला तर काळोख हवा होता.

"दादा, थोडा टाइम लाइट लावू नको," मी बजावलं.

तो कुरकुरत माझ्या समोर ट्रॅक्टरवर जाऊन बसला. मी दुर्बिणीला कॅमेरा लावला. बसलो, उठलो, परत बसलो. जीव थाऱ्यावर नव्हता. अंधार पडून थोडा वेळ झाला असेल, कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा तारा पटकन विझला. लघुग्रह! काही सेकंदांनी उजळला. आता चंद्राची पाळी.

एवढ्यात मागे उसात खसफस झाली आणि ट्रॅक्टरचे दिवे भपकन लागले. पडदा पांढराफटक. दादा डबा बडवत ओरडत होता. दिवे विझले तेव्हा तारा जागेवर होता. मधल्या वेळात तो विझला होता का, देव जाणे.

"मन्हा चांद गमाडी दिना तू!" मी किंचाळलो. उसातून रानडुक्कर पळालं होतं, बस्स.

बॅटरी लावली तेव्हा दिसलं, दादाच्या मांडीवर कुऱ्हाड होती. एवढा वेळ तो माझ्या मागच्या उसाकडे बघत बसला होता. मी उसाकडे पाठ करून बसलोय, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

गटाला मी कळवलं: लघुग्रहाची वेळ मिळाली, चंद्राचं सांगता येत नाही. फार जड गेलं ते लिहिताना.

दादा दुर्बिणीचे पाय मिटत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तुन्हा चांद फिरी फिरी परत ई. तू गया ते येशी का?"