गोलामागचा कठडा

बॅगा दुरुस्त करतो म्हणून गल्ली त्याला बॅगवाला म्हणे आणि बायको हॉकीवेडा म्हणे. दोघंही खरं बोलत. त्याच्या दुकानासमोरच कॉलेजचं मैदान. मुलींच्या संघाचा सामना असला की चेन बसवायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत राही आणि हा गोलामागच्या कठड्याला चिकटलेला असे. स्वतः जन्मात कधी स्टिक हातात धरली नाही, पण सल्ले द्यायला कुणाच्या बापाला भीत नसे. "कॉलेजनं तुम्हाला तिथंच एक खोली बांधून द्यावी, म्हणजे मी सुटले," बायको म्हणायची.

संघ हरण्यात तरबेज. तरी हा दरवर्षी 'यंदा बघा' म्हणायचा. यंदा खरंच बघण्यासारखं होतं, कारण गोलकीपर पोरगी कुणाला दाद देत नव्हती. तिचे पॅड उसवले की हाच शिवून द्यायचा. त्यातून दोघांची एक खूण ठरली होती. पेनल्टी कॉर्नरच्या आधी ती स्टिकनं डावा खांब ठोकायची, मग उजवा, आणि मागून हा कठड्यावर दोनदा मूठ आपटायचा. खूण चुकली की गोल झालाच, अशी दोघांची पक्की समजूत.

सेमीफायनलमध्ये चेंडू तिच्या हेल्मेटवर सणसणीत बसला. ती खाली बसली, उठली, हात वर करून ठीक आहे म्हणाली. टाळ्या पडल्या. पुढच्या कॉर्नरला तिनं डावा खांब ठोकला. मग पुन्हा डावाच. मग पुन्हा तोच. बॅगवाल्याची मूठ हवेतच राहिली. सामना संपल्यावर पाणी पिता पिता तिनं विचारलं, "काका, आपण जिंकलो ना?" तो हो म्हणाला. जरा वेळानं तिनं तेच पुन्हा विचारलं.

काहीतरी बिनसलंय हे त्याला तिथंच कळलं. तिचे सर हाकेच्या अंतरावर उभे होते, एक वाक्य पुरलं असतं. पण राखीव गोलकीपर म्हणजे नुसती चाळण. तिला उभं केलं तर कप हातचा गेला. पोरगी दमली असेल, एक झोप झाली की येईल ठिकाणावर, असं त्यानं स्वतःला पटवलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली.

फायनल जिंकली. शेवटच्या कॉर्नरला तिनं आडवं पडून पायानं चेंडू अडवला, आणि हा कठड्यावर डोकं टेकून रडला. पोरींनी त्यालाही मिरवणुकीत ओढलं. घरी आल्यावर मात्र त्यानं ताट तसंच बाजूला सारलं.

"जिंकलात ना एकदाचे? मग तोंड का उतरलंय?" बायकोनं विचारलं.

"दमलोय," तो म्हणाला. त्यानंतर तो मैदानाकडे पाठ करून काम करू लागला.

काही दिवसांनी पोरगी पॅड घेऊन आली. टोपी डोळ्यांवर ओढलेली. स्टुलावर बसून हळूच म्हणाली, "काका, कुणाला सांगणार नसाल तर एक विचारते. शेवटचा चेंडू मी कसा अडवला? व्हिडिओ बघितला, पण आठवत काहीच नाही. फायनलला गेल्याचंसुद्धा नाही. तुम्ही माझ्या मागेच होतात ना?"

त्यानं सुई खाली ठेवली. "डोकं दुखतं?"

"सारखं. पण सरांना नका सांगू. मोठ्या संघाची निवड आलीय."

"मला सेमीफायनललाच कळलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"कप हवा होता."

त्यानं पॅड आत ठेवले आणि शटर ओढलं. "चल, दवाखान्यात जाऊ. सरांना वाटेत मी सांगतो."

"मग मला घेणार नाहीत, काका."

"नाही घेणार."

बाहेर ऊन होतं. तिनं डोळे मिटून घेतले आणि त्याचा हात धरला. मैदानाच्या कडेनं जाताना तिनं विचारलं, "फायनलला मी खांब ठोकले होते का?"

"एकदाही नाही."

"आणि तुम्ही?"

"मी ठोकत राहिलो."

त्याला वाटलं, आता ही हात झिडकारून निघून जाईल. झिडकारला असता तर बरंच झालं असतं. पण तिचा तोल जात होता, म्हणून तिनं तो तसाच घट्ट धरून ठेवला.