वेण्यांमधलं नाव

दुबईतल्या एका इंटिरियर डेकोरेटरने माझ्या अमेरिकन मैत्रिणीला फसवलं. तिचं चित्र हॉटेलात लावताना त्याने सहीची खालची पट्टी कापली आणि स्वतःच्या कंपनीची पितळी पाटी ठोकली. मी केलेली सागवानी फ्रेम काढून सोनेरी प्लास्टिक लावलं, तो अपमान वेगळा.

दुबईच्या अल क्वोज भागातलं माझं फ्रेमिंगचं दुकान मी एकटीने उभं केलंय. कोणी भाव पाडून मागितला की माझं डोकं फिरतं. ही मैत्रीण शिकागोच्या एका कृष्णवर्णीय न्हाव्याची मुलगी. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्यात आयुष्य गेलेलं, आता इथे शिक्षिका असलेल्या लेकीकडे राहते. पहिल्याच दिवशी माझा भाव ऐकून म्हणाली, "हबीबी, एवढ्यात तर मी भिंतच विकत घेईन."

"मग भिंतीलाच सांगा फ्रेम करून द्यायला!"

ती इतकी हसली की मला चहा मागवावा लागला. मग दर आठवड्याला भांडण आणि चहा. वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे केस बघत ती चित्र काढायला शिकली. शाळेच्या पुस्तकांत तिच्यासारखी मुलं नव्हती, म्हणून जन्मभर तिने तीच काढली: कुरळ्या केसांची, दात पडलेली, हट्टी.

हॉटेलच्या चित्रात पायरीवर बसून वेण्या घालून घेणारी मुलगी होती. ते विकताना डेकोरेटरला तिची एकच अट होती, नाव दिसलं पाहिजे.

नंतर त्याच हॉटेलात आमच्या ओळखीतल्या मुलीचा साखरपुडा होता. लॉबीत चित्र बघितलं आणि मी ओरडलेच. माझी लेक कानाशी म्हणाली, "आई, प्लीज, नॉट हिअर." मी तिथूनच डेकोरेटरला फोन लावला.

"मॅडम, एक सही तर होती. खलास, सोडा ना."

मी मैत्रिणीला बोलावलं. ती टॅक्सीने आली, कापलेली कड तिने वाकून बघितली. मग म्हणाली, "वेण्या बघ."

जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक वेणीच्या पेडांत एकेक अक्षर गुंफलेलं. सगळ्या वेण्या मिळून तिचं अख्खं नाव!

"माझ्या पहिल्याच पुस्तकात छापणाऱ्याने सहीचा कोपरा उडवला होता," ती म्हणाली. "तेव्हापासून नाव केसांत घालते. ते काढायचं तर मुलीचं डोकंच कापावं लागेल."

साखरपुड्याची अर्धी मंडळी चित्रासमोर जमली, अक्षरं शोधायला. नवरी मुलगी सगळ्यात पुढे. माझी लेक मोठमोठ्याने स्पेलिंग वाचत होती.

मैत्रीण खूश आहे. मी नाही. पाटी अजून तिथेच आहे आणि डेकोरेटर फोनवर नुसतं "इन्शाल्ला, बघतो" म्हणतो. बघायचं काय त्यात? त्याने त्या चित्रासमोर यावं, पाटी स्वतःच्या हाताने उपटावी आणि मैत्रिणीच्या तोंडावर सांगावं: पट्टी का कापली, आणि ती आहे कुठे?