ओढलेल्या गाडीची गोष्ट

नाताळच्या सुट्टीत तोरणा पाहायचा, असा बेत मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी काहीतरी निघून तो मोडतो. या वेळी घरच्यांनीच पिशवी भरून हातात दिली, तेव्हा निघण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत मला मागच्या बाकावर एका गृहस्थाच्या पत्र्याच्या ट्रंकेला टेकून जागा मिळाली. लढाईमुळे पेट्रोल रेशनवर, त्यामुळे मोटारी कमी झालेल्या, माणसं मात्र होती तेवढीच. कात्रजचा बोगदा मागे पडला, शिवापूर गेलं, आणि नसरापूरच्या फाट्यावर उतरलो तेव्हा माझा एक पाय पार बधिर झाला होता.

फाट्यावर चहाचं एक दुकान आहे. साखर मिळत नसल्यामुळे चहा गुळाचा होता. मला तो अजिबात आवडला नाही, तरी थंडी असल्यामुळे दोन कप प्यायलो. दुकानासमोर दोन लॉऱ्या उभ्या होत्या आणि आत त्यांचे मालक तावातावाने बोलत होते. माझ्या अंगात खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर साहेबी सोला हॅट. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "या गाड्या कोणत्या सालच्या?"

दुकान एकदम गप्प झालं. मग त्यांतले धिप्पाड, दाढी राखलेले गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्याच गाडीची निंदा सुरू केली. चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जोड मारलाय, इंजिन तेल पितं, ब्रेक असून नसल्यासारखे. दुसरे, पटकेवाले, किडकिडीत, नुसतं "जुनी हाय" एवढंच पुटपुटले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मी शाळेत भूगोल शिकवतो आणि गड पाहायला आलो आहे, हे सांगितल्यावर दोघांनी श्वास सोडला. लढाईसाठी सरकार खेडोपाडीच्या चांगल्या लॉऱ्या जमा करत होतं आणि माझी हॅट बघून त्यांना वाटलं, आली धाड. भरपाई मिळते म्हणे, पण लढाई संपेपर्यंत दुसरी लॉरी मिळणार कुठून? गाडी गेली की धंदा बसला.

भीती गेल्यावर वाद पुन्हा जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. दाढीवाले इस्माईलभाई भोर गावचे. त्यांची गाडी विलायती, नाकावर मुकुटाचा बिल्ला. पटकेवाले बाबूराव कामथडीचे, घरची शेती भावावर सोपवून लॉरीच्या धंद्यात पडलेले. त्यांची अमेरिकन, नाकावर उडी घेणारं हरीण. कंपन्यांची नावं त्या बाजूला कुणी घेत नाही. मुकुटाची आणि हरणाची एवढ्यावरच सगळं भागतं. इस्माईलभाईंचं म्हणणं, विलायती लोखंड जाड, गाडी सावकाश जाते पण जाते. बाबूरावांचं म्हणणं, जाड लोखंड चुलीवरच्या तव्याला हवं. चढाला गाडी हलकी पाहिजे आणि तिच्यात दम पाहिजे. हरणाच्या गाडीचे स्प्रिंग पावसाळ्यात लचकतात, असं एकानं म्हणावं आणि मुकुटाची गाडी सकाळी हँडल मारून मारून खांदा निखळेपर्यंत उठत नाही, असं दुसऱ्यानं. माझं मत विचारलं गेलं. मी म्हटलं, मला दोन्ही सारख्याच दिसतात. त्यावर दोघांनीही माझ्याकडे फार कणवेने पाहिलं.

वेल्ह्याला जायला त्या दिवसांत लॉरीशिवाय वाहन नव्हतं. जाताना मीठ, गूळ, कापड न्यायचं आणि येताना तांदूळ, हिरडा आणायचा. एवढं वैर असूनही ही दोन माणसं जोडीनंच निघतात, याचं मला नवल वाटलं. कारण पुढे कळलं. एकटी गाडी या रस्त्याला कुणी घालत नाही. कुठे रुतली तर ओढायला दुसरी हवी. मी बाबूरावांच्या शेजारी बसलो. मोटार हाकणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलावं म्हणजे धक्के कमी बसतात, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली.

नसरापूर सोडलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येऊ लागतात. भात निघालेला होता आणि खाचरांत (बांध घालून केलेल्या भातशेतीच्या तुकड्यांत) नुसती खुंटं उभी होती. वरच्या वरकस जमिनीत (डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत) नाचणीची काढणी झालेली. डावीकडे राजगडाची माची उन्हात आली की बाबूराव गाडी थोडी हळू करायचे. इतकी वर्षं रोज पाहूनही करायचे, हे मला आवडलं.

मार्गासनीच्या पुढे रस्ता नदीतूनच जातो. पाणी पोटरीएवढं, पण तळाला गोटे आणि मध्येच वाळू. बाबूरावांनी गाडी घातली आणि पात्राच्या मधोमध मागचं चाक असं बसलं की माझी पिशवी मांडीवरून पायाशी गेली. चाक फिरायचं, गाडी जागची हलायची नाही. आम्ही उतरून पेंढा टाकला, गोटे लावले, मी तर हॅट आणि बूट काठावर ठेवून ढकललंसुद्धा. शेवटी इस्माईलभाईंनी पुढे जाऊन आपल्या गाडीला दोर बांधला आणि हरणाची गाडी हळूहळू काठावर आणली.

आता इस्माईलभाईंच्या हाती आयतंच कोलीत आलं, असं मला वाटलं. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. दोर गुंडाळला, विडी पेटवली, एक बाबूरावांना दिली आणि निघाले. मीच गंमतीने काही बोलायला गेलो, तर बाबूरावांनी मला मध्येच तोडलं. "मास्तर, ओढलेल्या गाडीची गोष्ट कुणी काढायची न्हाई. आमच्यात तसं हाय." पुढे त्यांनी समजावून सांगितलं ते असं. गाडी आज याची रुतते, उद्या त्याची. ओढणारा बोलायला लागला तर रुतलेला दोर मागणार नाही, आणि दोर मागितला नाही तर नदीतच मुक्काम. त्यामुळे वाद कितीही चढला तरी कुणी कुणाला कुठे ओढलं, हे चहाच्या दुकानात निघत नाही. मला ती रीत फार शहाणपणाची वाटली. आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत ती लागू करता आली तर किती बरं होईल, असंही मनात आलं.

वेल्ह्याला बाबूरावांच्या बहिणीकडे जेवलो. आंबेमोहोराचा भात, कुळथाचं पिठलं आणि भाजलेली सुकट. भात इतका सुवासाचा की नुसता खाल्ला तरी चालेल, आणि मी तो तसा बराच खाल्ला. दुसऱ्या दिवशी गड चढलो. चढ बेताचा नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. वरून दोन्ही नद्यांची खोरी आणि मधली गावं दिसली, आणि खाली आल्यावर गुडघ्यांनी मला बरंच काही ऐकवलं. तोरण्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्याविषयी इतकंच.

परतताना दोन्ही गाड्या तांदळाने भरलेल्या होत्या आणि पुण्याच्या पेठेत पोचवायच्या होत्या. मीही पुण्यापर्यंत त्यांच्याबरोबरच जायचं ठरवलं. नसरापूरच्या चहावाल्याने बातमी दिली: शिवापूरला सरकारी माणसं राहुटी ठोकून बसलीत आणि प्रत्येक लॉरी थांबवून तपासतायत. पुण्याला दुसरा रस्ता नाही. बाबूरावांचा चेहरा उतरला. इस्माईलभाईंनी त्यांना बाजूला घेऊन बजावलं की तू तोंड उघडू नकोस, जे बोलायचं ते मी बोलतो. बाबूरावांनी मान हलवली, पण ती मान मला फारशी खरी वाटली नाही.

शिवापूरला साहेब भेटला तो मराठीच बोलणारा, तरुण, मोटारीतलं कळणारा. त्याने आधी मुकुटाच्या गाडीखाली वाकून पाहिलं. इस्माईलभाई शेजारी उभं राहून गाडीचे एकेक दोष सांगत होते, आणि ज्या गाडीपुढे त्यांनी जगातली कुठलीही गाडी उभी राहू दिली नव्हती तिला ते तोंड कडू न करता भंगार म्हणत होते. चासीचा जोड पाहून साहेबाने हात झटकले आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.

मग हरणाची पाळी आली. बाबूराव ठरल्याप्रमाणे "जुनी हाय, साहेब" म्हणून गप्प बसले. साहेबाने इंजिन ऐकलं, टायर पाहिले. गाडी बरी आहे असं त्याला वाटत असावं, पण खात्री नसावी. त्याने इस्माईलभाईंना विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर असता. कशी आहे?"

इस्माईलभाईंनी स्प्रिंगपासून सुरुवात केली. बाबूराव खाली बघत ऐकत होते. हे सगळं त्यांनी फाट्यावर हजारदा ऐकलं होतं. साहेबाचं समाधान होईना. तेव्हा इस्माईलभाई क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, परवा मार्गासनीच्या नदीत रुतली ही. म्या दोर लावून वढून काढली. पोटरीभर पान्यातनं निगंना, ती लढाईत काय करनार?"

बाबूरावांनी मान वर केली. इस्माईलभाई हे त्यांच्यासाठीच बोलत होते, हे मला कळत होतं, माझ्या शेजारच्या शिपायालाही कळलं असेल. मी बाबूरावांची बाही धरली. पण त्यांनी ती सोडवून घेतली आणि पुढे गेले.

"वाळू खचली, साहेब," ते म्हणाले. "गाडीचा दोष न्हवता. ह्ये बसा आत, आन् त्या टेकाडावर घाला भरल्या पोत्यांनिशी. न्हाई चढली तर हितंच काडी लावतो."

इस्माईलभाईंनी डोळे मिटून घेतले. साहेब गाडीत बसला, भरल्या पोत्यांनिशी टेकाड चढला आणि फिरून आला. गाडी खरोखरच सुरेख चढली. बाबूरावांचा चेहरा त्या वेळी असा फुलला होता की पाहवत नव्हतं. साहेब उतरला, त्याने प्रामाणिकपणे गाडीची तारीफ केली आणि शिपायाला पोती उतरवायला सांगितलं. तेव्हा कुठे बाबूरावांना आपण काय केलं ते कळलं. ते तिथेच खाली बसले.

पोती मुकुटाच्या गाडीवर चढवली. ती आधीच भरलेली, त्यामुळे पोत्यांचा डोंगर झाला. बाबूरावांनी आपली घोंगडी आणि पाण्याचा डबा काढून घेतला. एक पलटणीतला ड्रायव्हर गाडीत जाऊन बसला. बाबूराव त्याच्या खिडकीशी गेले आणि हळूच म्हणाले, "दुसऱ्या गेरला वाईच अडती. जोर करू नगा, सवडीनं घाला, जाती." हरणाच्या गाडीत काही दोष असल्याचं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. गाडी पुण्याकडे निघून गेली.

आम्ही तिघे पुढच्या बाकावर दाटीवाटीने बसलो. बऱ्याच वेळाने इस्माईलभाई म्हणाले, "रीत मोडली म्या, बाबू. तुझ्यासाठी मोडली."

"कळलं रं," बाबूराव म्हणाले. "तवाच कळलं हुतं."

"मग?"

"तुझ्या तोंडून ती गोष्ट ऐकवंना."

कात्रजचा चढ लागला. दुप्पट ओझ्याने गाडी धापा टाकू लागली, इंजिनातून वाफ निघायला लागली, आणि ती दर वळणावर थांबून मागे सरकू लागली. इस्माईलभाईंचा क्लिनर पलटणीत भरती झालेला होता. बाबूराव उतरले, मागच्या चाकाला लावायचा लाकडी ठोकळा त्यांनी हातात घेतला आणि गाडीच्या मागे चालू लागले. गाडी थांबली की ठोकळा लावायचा, निघाली की काढायचा. सकाळपर्यंत लॉरीचा मालक असलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीमागे क्लिनर होऊन घाट चढत होता आणि मी पुढे बसून होतो. मी उतरू लागलो, तर इस्माईलभाईंनी मला थांबवलं. त्याला जरा एकटं चालू द्या म्हणाले.

बोगदा दिसायला लागला तेव्हा इस्माईलभाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "खरं सांगू, मास्तर? त्याची असती तर कवाच वर असतो. ह्या घाटात हरणाची लई भारी."

मी म्हटलं, मग हे त्यांना सांगा की, आज तरी त्यांना बरं वाटेल.

"न्हाई," ते म्हणाले. "तुमी बी सांगू नगा. म्या कबूल केलं म्हंजे वाद मिटला. गाडी तर गेलीच, उद्यापासनं फाट्यावर येऊन त्यानं करायचं काय?"

बोगद्यापाशी बाबूराव धापा टाकत वर आले आणि शेजारी बसले. ते बसून धड विसावताहेत तोच इस्माईलभाईंनी मोठ्या आवाजात सुरुवात केली की बघ, दुप्पट वजन घेऊन चढली का नाही, तुझं हरीण पहिल्या वळणालाच बसलं असतं. बाबूरावांनी पटका सारखा केला आणि ते उसळून बोलू लागले. स्वारगेटपर्यंत वाद चालला होता. मी तिथे उतरलो, दोघांचा निरोप घेतला आणि घराकडे चालू लागलो. तोरणा कसा होता, असं घरी सगळ्यांनी विचारलं. चांगला होता, एवढंच मी सांगितलं.