तडकलेली कौलं

माझ्या कराटे क्लासच्या उद्‌घाटनात मोडलेली एकमेव वस्तू म्हणजे माझा हात.

शिराळ्याजवळचं आमचं गाव. इथे दर चार घरांमागे एक पैलवान आणि एक फौजी. अशा गावात मी पुण्यातली नोकरी सोडून कराटेचा क्लास काढला! पांढरा ड्रेस घालून पारावरून गेलो की म्हातारी मंडळी विचारायची, "कुठल्या दवाखान्यात लागलास रं?" त्यात वडिलांनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आवाज अजून ड्यूटीवर आहे) बजावलं होतं, "वीस पोरांनी नावं घातली तर क्लास. न्हाईतर गुमान पुण्याला जायाचं!"

वीस पोरं गोळा करायची म्हणजे काहीतरी जबरदस्त करून दाखवणं भाग होतं. मी फ्लेक्सवर छापलं, 'एका फटक्यात दहा कौलं!' माझा आजवरचा विक्रम तीन कौलांचा. (त्यातलंही तिसरं आधीच पिचलेलं असावं.) म्हणून आदल्या दिवशी मी दहा कौलं गोठ्यामागे नेली, प्रत्येकाला हातोडीने हलकेच तडा पाडला आणि गपचूप मंचावर रचून ठेवली. इतकी मेहनत मी ब्लॅक बेल्टसाठीही घेतली नव्हती!

उद्‌घाटनाला सगळं गाव लोटलं. फेटे झाले, शाली झाल्या, सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. सरपंच तरुणांच्या व्यसनांवर अर्धा तास बोलले आणि तेवढ्यात दोनदा तंबाखू थुंकून आले. मग मी पुढे झालो. कौलांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. आईची कामगिरी! मला भरून आलं. डोळे मिटले, श्वास घेतला, आरोळी ठोकली आणि हाणला फटका.

फूल खाली पडलं. कौलं होती तिथेच राहिली.

त्यानंतरची आरोळी मात्र अस्सल होती!

"काय झालं रं?" आई मंचावर धावत आली.

"आई, ही कौलं..."

"चांगली हायत की! तू ठिवलेली समदी तडकलेली निघाली. तडकलेल्याला कुकू लावत्यात व्हय? मग मीच ह्यांना गोठ्यावर चढवलं आन् चांगली दणकट दहा उतरवून आणली!"

माईक चालू होता.

अण्णा पहिल्या रांगेतून उठले. त्यांना माईक लागत नाही.

"दहाच्या दहा तडकलेली? आपसूक?"

सगळं गाव खो खो हसत सुटलं. लाज जास्त वाटली की हात जास्त दुखला, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टरमधला हात सांभाळत मी पुण्याची बॅग भरत होतो, तोच अण्णा आले. "राहू दे ती बॅग. बाहेर ये."

अंगणात रांग! तीसेक आयाबाया, प्रत्येकीच्या हातात एकेक कार्टं.

"काल एवढं होऊनसुद्धा?" मी चाचरत विचारलं.

"आवं मास्तर, त्यापायीच तर आलोय!" पहिली बाई म्हणाली. "आमचं पोरगं साळंत लय मारामाऱ्या करतंय. म्हटलं, तुमच्याकडं घालावं. तुमच्याकडनं शिकलं, तर कुणाला काय लागायचं न्हाई!"

क्लासला आता दोन वर्षं होत आली. बाईंचा अंदाज अचूक निघाला. अजून कुणालाही काही लागलेलं नाही.