नकाशात न काढलेला खड्डा

ती घटना विसरावी असं मला बऱ्याचदा वाटलं, पण जमलं नाही. खून, दरोडे पुष्कळ पाहिले; त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. हा तर साधा अपघात होता. शहर बस आणि ऑटो, समोरासमोर. वेळ सकाळी साडेदहाची, जागा सक्करदऱ्याकडे जाणारा एक रस्ता. ऑटोचालक जागीच गेला. मागे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी राहिली.

मी तेव्हा सहायक पोलीस निरीक्षक होतो आणि तपास माझ्याकडे होता. एप्रिलचं ऊन तापलेलं, त्यात ऑटोवाल्यांचा जमाव ठाण्याच्या आवारात येऊन बसलेला. घटनास्थळी मी एका जुन्या हवालदाराला पाठवलं. दुपारी तो पंचनामा आणि हाताने काढलेला नकाशा घेऊन आला. कूलरसमोर बसून मी दोन्ही पाहिले आणि सही केली. फिर्यादीत नेहमीचंच वाक्य होतं: बसचालक आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून मरणास कारणीभूत झाला. हे वाक्य आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतं. दोन गाड्या धडकल्या की चूक मोठ्या गाडीची, हा रस्त्यावरचा कायदा आहे आणि खरं सांगायचं तर ठाण्यातलाही.

बसचालक पारशिवनीकडचा, पन्नाशीचा, ठेक्यावर काम करणारा. दुसऱ्याच दिवशी त्याला घरी बसवलं गेलं. चौकशीत तो म्हणाला, “साहेब, मी माह्या बाजूनंच होतो. तो एकदम आंगावर आला. मी बिरेक मारला.” असं प्रत्येक चालक म्हणतो, म्हणून मी ते फारसं मनावर घेतलं नाही. पण खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडी भर घालतो. याला मी चार वेळा विचारलं, तरी तो या तीन वाक्यांच्या पुढे जाईना.

उलट बाजूला तीन साक्षीदार होते, तिघेही मृताच्या स्टँडवरचे ऑटोवाले. बस डाव्या बाजूची आपली जागा सोडून ऑटोच्या बाजूला घुसली, असं तिघांनी सांगितलं. शब्दही तेच, क्रमही तोच. तीन माणसं एकच अपघात एकसारखा कधीच पाहत नाहीत. मी त्यांना वेगवेगळं बसवलं आणि एवढंच विचारलं, की तुम्ही नेमके कुठे उभे होता. त्यांचा स्टँड वळणाच्या अलीकडे होता, अपघात पलीकडे झाला होता. तिथून अपघाताची जागा दिसणं शक्यच नव्हतं.

त्यातल्या वयस्कर माणसाने शेवटी मान खाली घातली. “नाही पाह्यलं साहेब. पण मेलेल्या माणसाले आम्ही काहून दोष देऊ? त्याच्या बायकोले काही भेटन तं बसच्या विम्यातूनच भेटन. पोरगी लहान आहे.”

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर कदाचित हेच केलं असतं. प्रश्न एवढाच होता, की एका घराचं भलं करायला दुसऱ्या घरातला माणूस तुरुंगात घालायचा का.

पाचव्या दिवशी वाहतूक शाखेचा एक शिपाई सहज बोलून गेला, “साहेब, पंचनाम्याच्या आधीच जागा झाडून झाली होती. तिथल्या चहावाल्या बाईनं झाडली.” तेव्हा कुठे मी स्वतः त्या रस्त्यावर गेलो.

बाई तिथेच होती. घाबरू नको म्हटल्यावर बोलू लागली. “काचा पडल्या होत्या, लोकायच्या पायात जातीन म्हणून झाडल्या. तेल सांडलं होतं, त्यावर रेती टाकली. ऑटो लोकायनं कडेले ओढला, ऑटोवाल्याले बाहेर काढाले. मंग बसही पुढं घेतली. पोलीस नंतर आले.”

“काचा कुठून झाडल्या, दाखवतेस?”

तिने दाखवलेली जागा बसच्या बाजूची होती. तिथली रेती बाजूला केली तर खाली तेलाचा डाग आणि डांबरात ऑटोच्या लोखंडाने पडलेली खोल चीर. आमच्या नकाशात मात्र ऑटो त्याच्या स्वतःच्या कडेला उभा होता, कारण हवालदाराने तो ओढून ठेवल्यानंतरच पाहिला होता. म्हणजे बसचालक खरं बोलत होता.

“पण ऑटो इकडे आला काहून?” मी विचारलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. “खड्डा होता ना साहेब. पाइपवाल्यायनं खोदून ठेवला होता, ना दोरी ना पाटी. सारेच त्याले चुकवून तिकडून जात. त्याच दिवशी संध्याकाळी येऊन बुजवला.”

कित्येक दिवस उघडा असलेला खड्डा अपघाताच्या संध्याकाळी बुजवला गेला होता. वर ताजी गिट्टी दिसत होती. ठाण्यात आल्यावर हवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “होता ना साहेब. पण खड्डे काय, साऱ्या शहरात आहेत.” म्हणून त्याने तो नकाशात काढला नव्हता.

आता मला मृताच्या बायकोकडे जाणं भाग होतं. तिला दुसऱ्या कुणाकडून कळावं हे मला बरं वाटेना.

“म्हणजे त्यायचीच चूक होती असं लिहिणार तुम्ही?” तिने विचारलं.

“ते उजवीकडे गेले असं लिहीन. आणि काहून गेले तेही लिहीन.”

तिने मुलीला आत जायला सांगितलं आणि माझ्यासमोर पाणी ठेवलं.

मी पूरक पंचनामा केला, चहावालीचा जबाब घेतला. बसचालकाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल दिला आणि खड्डा उघडा ठेवल्याबद्दल पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराच्या सुपरवायझरला आरोपी केलं. बसचालक कामावर परतला. ठाण्यात काही दिवस माझं कौतुकही झालं आणि मी ते ऐकून घेतलं.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर चहाची टपरी अतिक्रमणात उठली होती आणि बाईच्या नावचं समन्स दोनदा परत आलं. उरली ती माझी साक्ष. बचावाच्या वकिलाने आवाजही चढवला नाही.

“पहिल्या पंचनाम्यात खड्डा आहे?”

“नाही.”

“नकाशात?”

“नाही.”

“पंचनामा तपासून सही कुणी केली?”

“मी.”

“सही करण्याआधी जागा पाहिली होती?”

“नाही.”

सुपरवायझर सुटला. मृताच्या बायकोचा बसच्या विम्यावरचा दावा माझ्याच तपासाने आधी लंगडा झाला होता, आता ठेकेदारही हातचा गेला. मी खरं शोधलं होतं, पण पाच दिवस उशिरा, आणि त्या पाच दिवसांची झळ तिला बसली. बाहेर व्हरांड्यात ती मुलीला घेऊन उभी होती. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल.

“साहेब,” ती म्हणाली, “तुम्ही त्या दिवशीच आले असते, तं खड्डा दिसला असता ना?”

“हो,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि मुलीचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. त्यानंतरच्या नोकरीत मी जागा पाहिल्याशिवाय एकाही पंचनाम्यावर सही केली नाही. तिला त्याचा काही उपयोग नव्हता.